पिणाऱ्याच्या नकळत

वऱ्हाडातल्या एसटी स्टँडवर उभं राहिलं की भिंतीवर, खांबावर, नाहीतर गाडीच्या सीटच्या पाठीवर एक चिटोरं चिकटवलेलं दिसतं. ‘दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत’ आणि त्याखाली एक मोबाइल नंबर. फोन केला तर पलीकडचा माणूस गोड बोलतो. पुडी कुरिअरनं येईल, तिला वास नाही की चव नाही, चहात टाका नाहीतर वरणात टाका, एकवीस दिवसांत फरक दिसेल. कापूस वेचून आलेल्या पैशांतले हजार-दीड हजार बाजूला काढून एखादी बाई ती पुडी मागवते. नवऱ्याच्या ताटात ती पूड कालवताना तिचा हात थरथरतो. तिला दोष देण्यात अर्थ नाही. दारूवर उपचार कुठे मिळतो, या प्रश्नाचं उत्तर तिच्यापर्यंत स्वतः चालत आलं ते एवढंच.

त्या पुडीत काय असतं? कधी नुसता पाला वाटलेला असतो, आणि तेव्हा पैसे गेले एवढ्यावर भागतं. कधी मात्र त्यात डायसल्फिरॅम असतं. हे खरं औषध आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये त्याचा दारूवरचा परिणाम ध्यानात आला आणि आजही डॉक्टर ते लिहून देतात. दारू शरीरात गेली की यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं आणि मग त्याचाही निचरा करतं. डायसल्फिरॅम ही दुसरी पायरी अडवतं. विष साचत जातं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या सुरू होतात, रक्तदाब खाली येतो. ज्याला हे सगळं सांगितलेलं आहे, ज्याची तपासणी झाली आहे आणि जो रोज सकाळी स्वतःच्या हातानं गोळी घेतो, त्याला ही भीती संध्याकाळी देशीच्या दुकानासमोरून पुढे जायला मदत करते. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर लावतो. हृदय आधीच कमजोर असेल तर ती त्याच्या जिवावर बेतू शकते. वाचला आणि पुढे कधी त्याला खरं कळलं, तर बायकोच्या हातचं ताट तो दूर सारतो, आणि उपचारासाठी लागणारा घरातला उरलासुरला विश्वास तिथेच संपतो.

खरा उपचार मग किती जणांना मिळतो? दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसं, दारू पितात. साधारण पावणेसहा कोटी लोकांचं पिणं मदत लागावी इतकं हाताबाहेर गेलेलं आहे. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार मिळालेला १८० जणांत एक निघतो. अकोट-अकोला गाडीत बसायला जागा उरू नये इतकी अशी माणसं भरली, तर त्यातला एकच जण उपचारापर्यंत पोचलेला असेल. भरती झालेला एक माणूस सापडायला अशा चार-पाच गाड्या तपासाव्या लागतील.

ही तूट नुसत्या दवाखान्यांच्या कमतरतेनं पडलेली नाही. उपचार म्हणजे लांबच्या गावी महिनाभर ‘टाकणं’ ही समजूत तिच्यामागे आहे. ‘त्याले पुण्याले टाका’ हे वाक्य वऱ्हाडात सहज ऐकू येतं. पुण्याचं नाव उगाच झालेलं नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. त्याआधी अवचटांचं ब्राऊन शुगरवरचं लिखाण वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले होते आणि त्यांनी या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले होते. दारुड्याला आजारी माणूस म्हणून वागवायचं, ही गोष्ट मराठी घरांच्या गळी उतरवण्यात मुक्तांगणचा वाटा मोठा आहे. पण तिथला मुक्काम सुमारे पाच आठवड्यांचा असतो. मजुरीवर जगणाऱ्या घराला गाडीभाडं, बुडालेला रोज आणि पेरणीचे दिवस यांची सांगड घालता येत नाही. शिवाय पाच आठवड्यांनी माणूस परत येतो तो त्याच पाराशी आणि त्याच चार मित्रांत.

जवळचं दार बहुतेकांनी पाहिलेलं असतं, फक्त ते दारूसाठीही उघडतं हे ठाऊक नसतं. अकोल्यात सगळे ज्याला नुसतं ‘सर्वोपचार’ म्हणतात ते रुग्णालय २००२ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘इर्विन’, आणि १९८४ सालचं डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे. या ठिकाणी व्यसनाचा रुग्ण ज्या विभागात पाहिला जातो त्याच्या पाटीवर ‘मानसोपचार’ लिहिलेलं असतं, आणि नेमकी तिथेच गाडी अडते. ‘मी काय पागल हावो?’ असं म्हणून माणूस पाटीखालूनच माघारी फिरतो. सोबत आलेल्या भावानं त्याला आधी एवढं सांगून ठेवलेलं बरं, की हातांची थरथर, झोप आणि भूक यांवरची औषधं याच खोलीत मिळतात. ते खोटंही नाही.

खर्चाची धास्ती पूर्वीइतकी उरलेली नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. यात जिल्हा रुग्णालयं येतात, तालुक्याची ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयंही येतात. सर्वोपचार वैद्यकीय शिक्षण खात्याकडे असल्यानं तिथले दर वेगळे आहेत, पण तेही सरकारीच.

आणि जायचं कुठे हेच सुचत नसेल तर आधी फोन. केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेली-मानस १४४१६ वर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. व्यसनी माणसानंच फोन करायला हवा असं काही नाही. आई करू शकते, बायको करू शकते, कॉलेजात जाणारी पोरगीही करू शकते.

दारू सोडण्याचे पहिले चार-पाच दिवस या सगळ्या प्रवासात सर्वांत धोक्याचे असतात, आणि सर्वांत जास्त चुका त्याच दिवसांत होतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला घरच्यांनी कोंडून ठेवलं, किंवा त्यानंच देवासमोर शपथ घेऊन एका झटक्यात बंद केली, असं समजा. पहिल्याच दिवशी हात थरथरू लागतात, चहाचा कप तोंडापर्यंत जात नाही, घामानं बनियन भिजतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होऊ लागतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, गोधडीत साप वळवळतो, दाराशी कुणी मारायला उभं आहे असं वाटून माणूस रात्री शेताकडे पळत सुटतो. घरचे म्हणतात, याला बाहेरचं झालं. लिंबू उतरवलं जातं, भगताकडे नेलं जातं. खरं तर वर्षानुवर्षं दारूनं दाबून ठेवलेली मज्जासंस्था दाब निघाल्याबरोबर उसळलेली असते. डॉक्टर तिला शांत करणारी औषधं देतात आणि रोज थोडी थोडी कमी करत आणतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, सुईवाटे देतात. हे थायमिन ग्लुकोजच्या आधी जायला हवं. दारूनं पोसलेल्या शरीरात त्याचा साठा संपलेला असतो आणि नुसती ‘ताकदीची सलाइन’ लावली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या डॉक्टरकडे सलाइन लावून घेण्याची आपल्याकडे मोठी हौस, म्हणून ही गोष्ट ठासून सांगायला हवी. ज्याला पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली आहे किंवा भ्रम झाला आहे, त्यानं पुढच्या वेळी घरी बंद करायचीच नाही, थेट भरती व्हायचं.

मेळघाटात हीच गोष्ट आणखी अवघड होते. मोह तिथे अन्नही आहे, पैसाही आहे आणि देवाला दाखवायचा नैवेद्यही. कोरकू आदिवासी घरात आजारी माणूस आधी भूमकाकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे, जातो. धारणी किंवा चिखलदऱ्याहून घाट उतरून अमरावती गाठायची तर अख्खा दिवस मोडतो. याच धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव आणि डॉ. कविता सातव यांच्या ‘महान’ संस्थेचं रुग्णालय आहे. संस्थेच्या इंग्रजी नावाची जी आद्याक्षरं जुळून ‘महान’ शब्द होतो, त्यातलं दुसरं अक्षर व्यसनाचं आहे. कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या मुलखात काम सुरू करताना या डॉक्टरांनी व्यसनाला थेट संस्थेच्या नावात जागा दिली. ज्या घरातली मजुरी भट्टीवर जाते त्या घरातल्या बाळाचं वजन का वाढत नाही, हे त्यांना वेगळं शोधावं लागलं नसणार.

मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक गावाला पुरणार नाहीत हे उघड आहे. ते नसतानाही बरंच काही होऊ शकतं, याचा पुरावा अमरावती जिल्ह्यानंच दिला. शेतकरी आत्महत्यांनी विदर्भ होरपळत असताना डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालवला. नैराश्य आणि दारू ही आत्महत्येकडे नेणारी दोन कारणं धरून गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं. ती घरोघरी बोलत, छोट्या बैठका घेत, आणि ज्याला जास्त मदत हवी त्याला समुपदेशकाकडे व मग डॉक्टरकडे पाठवत. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त निष्कर्ष छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते, ते प्रमाण दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. हे आकडे नैराश्याचे आणि आत्महत्येच्या विचारांचे आहेत. दारूपुरता असाच सज्जड पुरावा गोव्यात मिळाला. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर डॉ. अभिजित नाडकर्णी आणि ‘संगथ’ संस्थेनं प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांशी जास्तीत जास्त चार भेटी, एवढाच उपचार. तीन महिन्यांनी त्या गटातल्या ४२ टक्के जणांनी अलीकडच्या दिवसांत थेंबही घेतला नव्हता. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण १८ टक्के होतं.

म्हणून आशाताईला कमी लेखू नये. २०१५ मध्ये राज्यानं आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. खचलेला शेतकरी हुडकून त्याला समुपदेशनापर्यंत नेण्याची भिस्त त्यात आशांवरच आहे. कोण सकाळी उठल्याबरोबर घेतो आणि कोणाचे पाय सुजलेत हे तिला माहीत असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची चाचणी आहे. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, पिण्यामुळे ठरलेलं काम राहिलं का, जवळच्या कुणी काळजी बोलून दाखवली का, असे साधे प्रश्न. आठ किंवा जास्त गुण आले तर बोलायची वेळ झाली आहे. यकृत सुजून पोटात पाणी होण्याच्या कितीतरी आधी हे दहा प्रश्न माणसाला गाठतात.

व्यसनमुक्तीची खासगी केंद्रं शहरांत निघाली आहेत, पुढेही निघतील. काही मनापासून चालवलेली, काही नुसती कोंडवाडा. दाखल करण्याआधी घरच्यांनी दारातच विचारावं. मानसोपचारतज्ज्ञ कोण, आणि ते आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष येतात? रात्री फिट आली तर काय करता? राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा. आम्हाला भेटू देणार का, फोनवर बोलू देणार का? ‘महिनाभर भेट नाही’ असं उत्तर आलं तर तिथून उठावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे विकार आपल्या व्याख्येत घेतले आहेत. त्यामुळे साखळीनं बांधणं, बळजबरीनं मुंडण करणं, राबवून घेणं हे सगळं तिथेही बेकायदा आहे. स्वतःचा निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसलेल्याला दाखल करायचं तर कायद्यानं ठरवून दिलेली रीत आहे. त्यात दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणं आलं आणि सुरुवातीला ३० दिवसांची मर्यादाही आली. रात्री जीप घेऊन येतो आणि उचलून नेतो, असं सांगणाऱ्याच्या हाती आपला माणूस देऊ नये.

गांजा, गोळ्या किंवा पावडर यांच्या नादी लागलेल्या पोराच्या घरी आणखी एक भीती असते, पोलिसांची. डॉक्टरकडे नेलं तर केस होईल, या धाकानं आईबाप वर्ष-वर्ष गप्प बसतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम ६४-अ अशा घरांना माहीत असायला हवं. स्वतःच्या सेवनाचा किंवा अगदी अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी सरकारमान्य ठिकाणी आपणहून उपचार घेऊन ते पूर्ण करतो, तेव्हा हे कलम त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. बायांचं पिणं तर याहून झाकलेलं. मुक्तांगणला त्यांच्यासाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढावा लागला. सासरच्या माणसांसमोर केस पेपर काढायची जिला लाज वाटते तिच्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा आकडा सोयीचा आहे.

दारूविरुद्धचं काम वऱ्हाडाला नवं नाही. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. वडील झिंगराजी दारूनं गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. पुढे डेबूजींच्या घरी मुलीचं बारसं झालं तेव्हा रिवाज दारू-मटणाच्या पंगतीचा होता. त्यांनी तो मोडून गोडाची पंगत घातली. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या मधोमध एका दारुड्याच्या मुलानं एवढं मोठं काम उभं केलं. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारलं, आणि गुरुदेव सेवा मंडळांची सामुदायिक प्रार्थना आजही वऱ्हाडातल्या गावांत दिवस मावळताना होते. दुकानाकडे पाय वळण्याची वेळही तीच. त्या तासाला माणसाला बसायला दुसरी जागा, दुसरी संगत मिळाली की त्याचं बरंच काम होतं.

हीच गोष्ट त्याच साली, १९३५ च्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल नावाच्या शेअर दलालाला आणि बॉब नावाच्या सर्जनला सापडली होती. दोघेही दारूनं पार बुडालेले. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी खरं बोलला की ती संध्याकाळ कोरडी जाते, एवढ्या अनुभवावर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं. १९५७ मध्ये ते मुंबईत आलं आणि आता महाराष्ट्रातल्या लहान शहरांतही त्याच्या मीटिंगा भरतात. फी नाही, आडनाव सांगायचं नाही, भरती व्हायचं नाही. नवरा येत नसेल तर बायकोनं एकटीनं अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या, मीटिंगला जावं. पण माळ घातली किंवा मीटिंगला बसलं म्हणून दुसऱ्या दिवशीची फिट टळत नाही. त्यासाठी आधी डॉक्टर, आणि संगत त्याच्या जोडीला.

गडचिरोलीत या दोन्ही गोष्टी एकत्र आणायचा प्रयत्न २०१६ पासून चालू आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकारानं आणि सरकारच्या साथीनं उभ्या राहिलेल्या ‘मुक्तिपथ’मध्ये तालुक्याच्या गावी व्यसन उपचार क्लिनिक भरतं, गावात शिबिर होतं आणि गावच्या दारूबंदीचं कामही त्याच हातांनी चालतं. वऱ्हाडच्या उंबरठ्यावरचा वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीत आहे. अमरावतीकडून नदी ओलांडली की बंदी लागते, पण पिण्याची सवय लागलेलं शरीर नदी ओलांडल्यानं बदलत नाही. त्याला दवाखानाच लागतो.

आणि तो दवाखाना एकदाच लागत नाही. पहिल्या आठवड्यानंतर तलफ कमी करणारी औषधं, नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट, महिनोन्‌महिने चालू शकतात. केस पेपरच्या मागे डॉक्टर पुढची तारीख टाकतात आणि बऱ्याच कथा तिथेच तुटतात. तारीख सोंगणीच्या दिवसांत येते. एसटीत बायकोला २०२३ पासून अर्धं तिकीट लागतं, नवऱ्याला पुरं. शिवाय त्या दिवसाचा रोज बुडतो. मध्येच तो एकदा पितो, आणि मग दोघांनाही वाटतं की सगळं फुकट गेलं. डॉक्टरांच्या लेखी ही मधुमेह्याची साखर चढल्यासारखी गोष्ट असते. शरमेनं तारीख चुकवण्याऐवजी त्या दिवशी तर जायलाच हवं.

पाय घसरण्याचे दिवस वऱ्हाडात आधीच ठाऊक असतात. पोळ्याची कर, धुळवड, लग्नसराई, निवडणूक, कापसाचे पैसे हातात आले तो दिवस. अकोला जिल्ह्यातल्या एखाद्या घरात पोळ्याच्या आठवडाभर आधीच बायको केस पेपर पिशवीत घालते, चार महिने कोरडा राहिलेल्या नवऱ्याला घेऊन सर्वोपचारच्या ओपीडीत बसते आणि नंबर लागल्यावर डॉक्टरांना म्हणते, ‘सायेब, करीच्या दिवशी याचे दोस्त येतीन. थ्या दिवसासाठी काय करू, थे सांगा.’ शेजारी बसलेला तो खाली बघत असतो, पण उठून जात नाही. गोळ्या किती उरल्यात ते डॉक्टर त्यालाच विचारतात, आणि तो खिशातून पट्टी काढून मोजायला लागतो.